जाऊबाईंना जेवताना पाहण्याचे डोहाळे

आमच्या सासरच्या गावात अजूनही कुणाच्या सुनेला दिवस गेले आणि ती काही भलतंच मागू लागली, की बाया माझं नाव काढतात. "मळेवाल्याच्या धाकटीसारखे सोंगं करू नोको वं माय," असं तिला बजावतात. धाकटी म्हणजे मी. आणि सोंग म्हणतात ते मी खरोखर केलं होतं, भर दिवसा, चार बायांच्या समोर. मला त्याची ना लाज वाटते ना पस्तावा. उलट गोष्ट सांगताना बाया त्यातला निम्मा मसाला गाळतात याचंच वाईट वाटतं. म्हणून म्हटलं, आपणच सगळी लिहून टाकावी.

आधी माझ्या वजनाचं सांगते, कारण गावात त्याच्यावर माझ्याआधी सगळे बोलून जातात.

मी रोहिणखेडकडची. माहेरी म्हशी होत्या. घरी खवा आटायचा, आणि तो आटेपर्यंत कढईच्या काठाला चिकटून मी. लग्नानंतर न्यायला दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, आली होती. मी मागून चढले तशी दमणी मागं बसली, जू वर उचललं गेलं आणि बैलांनी माना वळवून मागं पाहिलं. वऱ्हाडात एकच हशा पिकला. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. नवरीनं हसू नये असा नियम असतो, हे मला नंतर सांगण्यात आलं.

सासर सातपुड्याच्या बाजूला, वरवट बकालच्या अलीकडं. नवं राज्य नुकतंच झालं होतं. शेर जाऊन किलो आले होते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, नवी मापं तराजूत टाकत आणि मनात शेरच मोजत. घरचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, कांदे. मळ्यात बाभळीच्या आडव्या फांदीला मोठा तराजू टांगलेला असे. त्या तराजूला या गोष्टीत काम आहे.

घरात सासरे, सासू, दोन भाऊ आणि आम्ही दोघी जावा. मोठ्या जाऊबाई म्हणजे उभी पऱ्हाटीची काडी. त्या वाकल्या की पाठीचे मणके लुगड्यावरून मोजून घ्यावेत. आम्ही दोघी पाण्याला निघालो की कट्ट्यावरचे म्हातारे गप्पा थांबवून पाहत. एक म्हणाला होता, "धाकटीतून मोठ्या तीन निघतीन." मी घागर खाली ठेवून त्यांना म्हटलं, "काढा मंग, बाबाजी. तेवढंच कामाले होतीन." त्यानंतर आमचा रस्ता मोकळा असे.

माझ्या लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात जाऊबाईंचं पहिलं बाळंतपण झालं होतं. मुलगा झाला. दिवस पुरे भरले होते, तरी लेकरू ओंजळीत मावेल एवढंच. रडणं मांजरीच्या पिल्लासारखं. घरच्या कापसाची सरकी काढून त्या मऊ कापसात त्याला ठेवलं, शेगडी जवळ ठेवली, सगळं केलं. ते बारशापर्यंतही टिकलं नाही. तो कापूस जाऊबाईंनी फेकू दिला नाही. उशीत भरला. मी नवीन होते तेव्हा एकदा ती उशी डोक्याखाली घेतली. कधी आवाज न चढवणाऱ्या त्या बाईनं ती माझ्या हातून हिसकली. मग तिनंच मला हे सगळं सांगितलं.

वर्षभरानं त्यांना पुन्हा दिवस गेले. दोन महिन्यांनी मलाही गेले. घरात एकदम दोन पोटुशा सुना. हे दुसरं लेकरू जगलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्या घरात सगळ्यांना हवी होती. ती कशी साधायची, यावरून मात्र भांडण होतं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांचं ठाम मत होतं की पोटुशीनं अर्धंच जेवावं. "पोट एकच हाये," त्या म्हणत. "त्यात भाकर भरली त लेकरू कोठी बसन? अन् लेकरू मोठं झालं त निघन कसं?" पाचवा लागला की अर्धी भाकर, वर पाणी. हे त्या दुष्टपणानं करत नव्हत्या. त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात अडून गेली होती. लेकरू धिप्पाड होतं, ते सुटलं नाही, तीही गेली. बहिणीचा हात तेव्हा आत्याबाईंच्या हातात होता. तेव्हापासून मोठ्या लेकराची त्यांना अशी धास्ती, जशी दुसऱ्या कुणाला सापाची असावी. पहिलं नातवंड एवढंसं झालं तेव्हा त्या मनातून सुटल्याच होत्या: सून तरी वाचली. ते का गेलं, याचा संबंध त्यांनी अर्ध्या भाकरीशी कधी लावलाच नाही. दृष्ट लागली, म्हणाल्या.

आणि आता घरात मी. धिप्पाड बाईचं लेकरू धिप्पाडच होणार, हे त्यांना दिसत होतं. त्यामुळं त्यांचा एक डोळा सारखा माझ्या ताटावर. मला त्याचं काही नव्हतं. मी मळ्यात कामाला जात असे आणि मळ्यात जाणाऱ्या बाईला उपाशी ठेवणं कुणाला जमत नाही. गाजरं, मुळे, काकड्या, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, सगळं ओच्यात. जाऊबाईंना मात्र पुन्हा दिवस गेल्यापासून मळ्यात कामाला पाठवत नसत. त्यांच्या वाट्याला अर्धी भाकर आणि चूल.

पंधरा-वीस दिवसांनी बकालकडून एक नर्सबाई सायकलवर येत. घाटावरच्या होत्या, पुण्याकडचं बोलत. त्या "बाळ", "आहार" वगैरे म्हणायला लागल्या की पोरी पदरात तोंड घालून हसत. एकदा त्या मळ्यातच आल्या. जाऊबाई जेवण घेऊन आल्या होत्या. नर्सबाईंनी त्यांच्या मनगटाला दोन बोटं लावली आणि विचारलं, "यांचं वजन कधी केलंय का?"

मामाजी म्हणाले, "बाईमाणसाले तोलत असते का कोनी? थ्या काय वांगी हायेत?"

"तराजू आहे ना? मग बसवा."

आत्याबाई तिथंच मेथी खुडत होत्या. "भरल्या पोटाच्या बाईले तोलू नाई," त्या म्हणाल्या. "लेकरू तोलल्यावानी होते. घटते." पण भासरे, म्हणजे जाऊबाईंचे नवरे, तोवर उठले होते. त्यांनी पारड्यात पोतं अंथरलं. जाऊबाई त्यात बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून. समोरच्या पारड्यात वांग्यांच्या डाल्या ठेवू लागले. दुसरी डाली पुरती टेकलीही नव्हती तोच जाऊबाई वर उचलल्या गेल्या. कुणी हसलं नाही. भासऱ्यांनी डालीतली वांगी एकेक काढून घेतली आणि दांडी सरळ झाली. ते हातातल्या वांग्यांकडं बराच वेळ पाहत उभे राहिले.

"मले बी बसू द्या," मी म्हटलं.

माझे यजमान भावाला म्हणाले, "फांदी पाह्य बे आधी."

मी बसले. डाल्या संपल्या, लोखंडी मापं संपली, मिरचीचं पोतं आणलं, तेव्हा कुठं मी जमिनीवरून उठले. फांदी करकरली, पण टिकली. मी तिथूनच सगळ्यांना हात केला.

नर्सबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. जाऊबाईंकडं बोट करून आत्याबाईंना म्हणाल्या, "यांच्या अंगावर आधीचंच काही नाही. आता पोटातलं बाळ घेणार कुठून? यांना दुप्पट द्या म्हणत नाही, पण पोटभर द्या. भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे, गूळ. वजन वाढलं पाहिजे. नाही तर पुन्हा मागच्यासारखं होईल." मग माझ्याकडं वळल्या. "तुमच्याकडं साठा भरपूर आहे. तुम्ही नेहमीसारखं जेवा, ज्यादा चढवू नका. आणि जाड आहात म्हणून सगळं ठीक आहे असंही समजू नका. पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, तर लगेच कळवा."

मला राग आला. जन्मात पहिल्यांदा खायला सरकारी कारण मिळालं होतं आणि ते जाऊबाईंना दिलं गेलं होतं.

नर्सबाई गेल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "तिले सोताले लेकरं किती हायेत?" एकही नव्हतं. विषय संपला. अर्धी भाकर कायम.

दुसऱ्या दिवशी मी ओच्यातून ओल्या शेंगा आणल्या आणि जाऊबाईंपुढं गोठ्यात ओतल्या. त्यांनी हात मागं घेतले.

"चोरून नाई खाणार मी," त्या म्हणाल्या.

"काऊन?"

"मागच्या खेपेले खाल्लं होतं. खोबऱ्याची वाटी. कोनाले न सांगता. मंग थो गेला."

मी कपाळावर हात मारला. खोबऱ्याची एक वाटी. आख्ख्या नऊ महिन्यांत या बाईनं पोटाला दिलेली तेवढीच बरी गोष्ट, आणि तिलाच ती लेकराच्या जाण्याचं कारण समजून बसली होती. मी समजावलं, चिडले, नर्सबाईंची नक्कल करून दाखवली. त्या हसल्या, पण शेंगेला हात लावला नाही. चोरून नको म्हणजे नको. मागून घ्यायचं तर त्यांना मागता येत नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणत, "मले भूकच नाई."

"बरं डोहाळे तरी सांगा," मी म्हटलं. "डोहाळ्याले कोनी नाई म्हनत नाई."

हे खरं होतं. आत्याबाईंचे कायदे दोन होते. अर्धं जेवण हा एक, आणि दुसरा त्याहून कडक: डोहाळा मोडायचा नाही. डोहाळा राहिला तर लेकराची लाळ गळते, कान फुटतो, ते जन्मभर हावरं राहतं. मला चिंच हवी म्हटलं की चिंच हजर होई, पेंडीचा वास घ्यावासा वाटतो म्हटलं की पेंड. म्हशीची पेंड सुनेच्या नाकाखाली धरून उभ्या असलेल्या आत्याबाई मी पाहिल्या आहेत.

पण जाऊबाईंना डोहाळेच नव्हते. "मले काहीच खाऊ नाई वाटत," त्या म्हणाल्या. खोटा डोहाळा सांगायला त्या तयार होईनात. तेही चोरीच, म्हणाल्या.

मी दोन दिवस विचार केला. मग एका दुपारी, ओसरीवर आत्याबाई शेजारच्या दोघीतिघींबरोबर मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या, तेव्हा मी खांबाला टेकले, पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"काय झालं वं?" आत्याबाईंनी विचारलं.

"डोहाळे लागले, आत्याबाई."

"आता काय पायजे? सांग पटकन."

"खायाले काही नाई पायजे. पाहाले पायजे."

"काय पाहाले? जत्रा?"

"जाऊबाई जेवताना पाहाचं हाये."

मिरच्या थांबल्या. शेजारणी एकमेकींकडं पाहू लागल्या. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तेवढं न्याहाळायला वेळ लागतोच. "हे कोनते डोहाळे?" त्या म्हणाल्या.

"मले काय मालूम? माह्या पोटातल्याले विचारा. सारखं मनात येऊन राह्यलं, जाऊबाई समोर बसल्या हायेत, ताटात भाकर हाये, गूळ हाये, तूप हाये, अन् थ्या खाऊन राह्यल्या. पोटभर. मंग जिवाले थंड वाटते."

जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात पीठ भरल्या हातांनी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला हसू आवरण्यासाठी कण्हावं लागलं. ते कण्हणं फार छान जमलं. एक शेजारीण पाणी आणायला धावली.

आत्याबाई काही भोळ्या नव्हत्या. त्यांनी उठून पदर खोचला आणि तडक गावातल्या सुईणीकडं गेल्या. साऱ्या गावाची बाळंतपणं करणारी ती म्हातारी, तिच्या शब्दापुढं आत्याबाई कुणाचं ऐकत नसत. मीही मागं गेले. निकाल ऐकायला नको का?

सुईणीनं दोन्ही बाजू ऐकल्या, तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाली, "डोहाळा पोटातल्याचा असते, बाईचा नसते. त्याले काय पाहाचं हाये थे त्यालेच मालूम. एकीले त चूल पाहाचे डोहाळे होते. राख खाचे बी होते एकीले. मोडू नोको, बाई. लाळ गळन."

झालं. त्या संध्याकाळी, उजेड असतानाच, ओसरीवर दोन पाट मांडले. एकावर जाऊबाई, समोर दुसऱ्यावर मी. जाऊबाईंच्या ताटात आख्खी भाकर, डाळ आणि वर गुळाचा खडा. आत्याबाई मध्ये उभ्या, न्यायाधीशासारख्या. भिंतीवरून शेजारणींची डोकी. गावात टुरिंग टॉकीज आलं तरी एवढी गर्दी होत नसे.

जाऊबाईंनी एक घास घेतला.

"पाह्यलं?" आत्याबाई म्हणाल्या. "झालं?"

"नाई. आता त पडदा उघडला."

दुसरा घास. तिसरा. जाऊबाईंची मान खाली. अर्धी भाकर झाल्यावर त्यांचा हात सवयीनं थांबला. मी लगेच पोट धरलं. "आत्याबाई, आतून ढुशा मारून राह्यलं. त्याले अजून पाहाचं हाये." भिंतीवरून कुणीतरी म्हणालं, "खा वं मोठे, लेकराची लाळ गळन तिच्या." जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसत होते. त्यांनी उरलेली भाकर उचलली. हे चोरून नव्हतं. सगळ्या आळीसमोर, सासूच्या हातून, दुसरीच्या लेकरासाठी होतं. असं मात्र त्यांना खाता येत होतं.

मग काय विचारता. माझे डोहाळे रोजचे झाले. आज दुधात भिजवलेली भाकर पाहावीशी वाटे, उद्या शेंगदाण्याची चटणी, परवा भरीत, वरून कच्चं तेल सोडलेलं. नर्सबाईंनी सांगितलेलं जे जे आठवे, ते ते माझ्या पोटातल्याला पाहावंसं वाटू लागलं. आत्याबाई दात-ओठ खात आणून ठेवत. एकदा मी डिंकाचे लाडू सांगितले. त्या म्हणाल्या, "थे त बाळंतिणीले देतेत. पोटुशीले उष्ण पडते." मी म्हटलं, "मी कुठी खाऊन राह्यली? मी पाहून राह्यली." लाडू झाले. माझ्या माहेरच्या तुपात.

आता माझी बाजूही जरा ऐका. मी, जिचा जन्म खव्याच्या कढईशेजारी झाला, ती रोज पाटावर मांडी घालून दुसऱ्या बाईला लाडू खाताना पाहत होते. तूप तिच्या बोटांवरून ओघळे. खोबऱ्याचा किस पाटावर सांडे. मला एकही मिळत नसे, कारण माझा डोहाळा पाहण्याचा होता, आणि आत्याबाई तो अक्षराला धरून पुरवत. "खाचं म्हनली असती त देलं असतं," त्या डबा उचलताना म्हणत. मी जन्मभरात खूप सोंगं केली, पण एवढं महाग सोंग दुसरं नाही.

जाऊबाई भरू लागल्या. आधी गाल, मग मनगटं. बांगड्या पूर्वी कोपरापर्यंत चढत, त्या आता मनगटाशीच राहू लागल्या. नर्सबाईंनी पुन्हा तराजूत बसवलं तेव्हा दुसरी डाली ठेवली तरी जाऊबाई हलल्या नाहीत. भासऱ्यांनी तिसऱ्या डालीतली वांगी टाकायला घेतली आणि टाकतच राहिले. त्या दिवशी त्यांनी मला एवढी मोठी काकडी दिली की ती मी दोन हातांनी खाल्ली.

आणि मग आठवा संपता संपता जाऊबाईंचं पोट एकदम पुढं आलं. काडीवर भोपळा धरावा तसं. आळीतल्या बाया कौतुकानं पाहत. आत्याबाईंनी मात्र एका सकाळी न्हाणीच्या दारात ते पोट नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुपारी पाट मांडायला मी ओसरीवर गेले तर त्यांनी पाट उचलून भिंतीला लावला होता.

"बस झाला तमाशा," त्या म्हणाल्या. "आजपासून अर्धी."

"आत्याबाई, माह्या लेकराची लाळ…"

"गळू दे. कान फुटू दे. सगळं माह्यावर घेते मी." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "माही बहीण अशीच दिसत होती. असंच पोट. हात धरून बसली होती मी. दोन दिवस. तुम्हाले सगळं हासाले झालं."

माझ्याकडं एकच हत्यार होतं आणि ते त्यांनी हातानंच बाजूला सारलं. डोहाळ्याचं पाप जिनं आपल्यावर घेतलं तिला कशानं भिववायचं? मामाजी आणि दोघे भाऊ आत जेवत होते. तेही थांबले.

मग चुलीजवळून आवाज आला.

"मले भूक लागली."

जाऊबाई बोलल्या होत्या. मोठ्यानं नाही, पण आत बसलेल्या तिघा पुरुषांना ऐकू जाईल एवढ्यानं. त्या घरात येऊन त्यांना काही वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं.

"मोठे, ऐक माय," आत्याबाई म्हणाल्या. "तुह्यासाठीच सांगून राह्यली."

"हाव. मालूम हाये मले." जाऊबाई उठल्या. भाकरीचं टोपलं आत्याबाईंच्या अंगाशी असे. सुनांनी त्यात हात घालायचा नाही, वाढतील तेवढं घ्यायचं. जाऊबाईंनी पोट सांभाळत वाकून टोपल्यावरचं फडकं काढलं, एक आख्खी भाकर घेतली, तिच्यावर ठेचा घेतला, तेल घेतलं. "पह्यला गेला तवा मी उपाशी होती, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "आता जे होईन थे खाऊन होईन."

आणि त्या दारात, सगळ्यांना दिसेल अशा बसून जेवल्या. पाट नाही, समोर मी नाही. भासऱ्यांनी आपल्या ताटातला गूळ उचलला आणि उठून त्यांच्या भाकरीवर ठेवला. मामाजींनी मान खाली घालून पुन्हा जेवायला सुरुवात केली. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. टोपलं मात्र त्यांनी ओढून घेतलं नाही.

नववा भरला आणि एका पहाटे जाऊबाईंना कळा लागल्या. सुईण आली, भासरे सायकल मागून घेऊन नर्सबाईंना आणायला गेले. आत्याबाई आत बसल्या, जाऊबाईंचा हात धरून. मला आत येऊ दिलं नाही, पोटुशीनं पाहू नये म्हणून. मी दाराबाहेर बसून होते, आणि खरं सांगते, त्या सकाळी माझ्याकडं एकही थट्टा शिल्लक नव्हती. उन्हं चढली. आतून जाऊबाईंचा आवाज येई आणि त्याच्यामागोमाग आत्याबाईंचा, जणू दोघी बाळंत होत होत्या. मला वाटलं, हिला खाऊ घातलं ते मी. हिला काही झालं तर या गावात मी तोंड दाखवणार नाही. नंतर वाटलं, दाखवीन. उपाशी मारण्यापेक्षा हे बरं, असं तेव्हाही सांगीन.

दुपारच्या आत लेकरू रडलं. मांजरीसारखं नाही. मळ्यात मोट हाकणारा गडी म्हणाला, त्याला तिथवर ऐकू आलं. मुलगी. नर्सबाई पोहोचेपर्यंत पोरीनं आंघोळ घालणाऱ्या सुईणीला दोनदा भिजवलं होतं.

आत्याबाई बाहेर आल्या. त्यांच्या मनगटावर जाऊबाईंच्या नखांचे वळ होते. मामाजींकडं न पाहताच त्या म्हणाल्या, "छोटा तराजू आना. अन् वांगी."

"तोलू नाई म्हनत होती ना?" मामाजी म्हणाले.

"आता थे बाहेर हाये. आना म्हनलं ना."

हातातला तराजू आला. एका पारड्यात मऊ लुगड्याची घडी आणि त्यात नात. दुसऱ्या पारड्यात आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं वांगी ठेवली. भरताची, मोठाली. एक ठेवलं, पारडं हललं नाही. दुसरं. तिसरं. मग त्या ठेवतच गेल्या, शेवटी पारडी बरोबर झाली. नर्सबाईंनी वांगी मापानं तोलून घेतली आणि तीन किलोला जरासं कमी, म्हणाल्या. आत्याबाईंना किलो कळत नव्हते. त्यांनी वांग्यांचा ढीग पाहिला आणि म्हणाल्या, "भरीत झालं असतं आख्ख्या घराले." मग त्या रडायला लागल्या, आणि आम्ही सगळे हसायला.

जाऊबाईंची उशी त्या आठवड्यात उसवलेली मी पाहिली. कापसाचं काय केलं ते विचारलं नाही.

आत्याबाईंचं म्हणाल तर बारशाला त्या बायांना सांगत होत्या, "अर्धी भाकर ठेवली होती पह्यले, म्हनून सुटली नीट." मी तिथंच, पाळण्याच्या दोरीला हात लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अन् मंग माह्या सोंगापायी आख्खी खाल्ली म्हनून जगली. थे बी सांगा." तेव्हापासून गावात सोंगाची गोष्ट माझ्या नावावर आहे.

माझं पहिलं बाळंतपण, म्हणून मी माहेरी गेले. मुलगा झाला. नर्सबाईंचं ऐकून ज्यादा काही चढवलं नव्हतं, पाय सुजले तेव्हा कळवलंही होतं. वेळ लागला, पण आम्ही दोघं बरे सुटलो. तो तीन-चार महिन्यांचा झाल्यावर त्याला घेऊन सासरी आले.

आत्याबाईंनी त्याला उचलला आणि लगेच दूर धरला. त्याचं झबलं हनुवटीपासून बेंबीपर्यंत ओलं होतं. लाळ गळत होती. दिवसाला चार झबली लागत.

"राह्यला," आत्याबाई म्हणाल्या. "तुहा डोहाळा राह्यला. कोनता वं?"

"तुम्हीच म्हनल्या होत्या, तुमच्यावर घेता."

त्या आत गेल्या. जाऊबाई ओसरीवर लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, भरल्या गालांच्या. आत्याबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात वाटी होती आणि वाटीत डिंकाचा एक लाडू, लेकीला पाजणाऱ्या जाऊबाईंसाठी केलेल्यांतला राखून ठेवलेला. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. "खाय."

मी हात पुढं केला तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "थांब वं." त्यांनी लेकीला आत्याबाईंच्या मांडीवर दिलं, भिंतीला लावलेला पाट आणला, माझ्यासमोर मांडला, त्यावर बसल्या आणि हाताची घडी घातली.

"आता खाय," त्या म्हणाल्या. "मले पाहाचं हाये."

मी खाल्ला. सावकाश, पाहणारीचं समाधान होईल असा. मग वाटी आत्याबाईंपुढं सरकवली आणि दुसरा मागितला.